दुरडीवाली पाहुणी

बाहेर ऑगस्टचं ऊन असं, की खाली उभ्या गाडीच्या टपावर पापड भाजून घ्यावा. आणि आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावर मंजुषा स्वेटर घालून, पायांत लोकरीचे मोजे चढवून दुधी चिरत होती. त्या दुधीला फोडणी मिळणार नव्हती. दीड महिना झाला, घरात मोहरी तडतडली नव्हती. वरण बिनफोडणीचं, भाजी उकडलेली, आणि पोह्यांचं तर नावच काढायला नको. घरात आजारी कुणी नव्हतं. घरात पाहुणी आली होती.

पाहुणी एका पानावर उभी होती. जुन्या जर्मन प्रार्थनेच्या पोथीचं हे एकच पान उरलेलं, तळहाताहून थोडं मोठं. कागदाचं नव्हे, कमावलेल्या कातड्याचं. पाचशे वर्षांपूर्वी कुणी मठात बसून हातानं लिहिलेलं. काळी टोकदार अक्षरं अशी दाटीनं बसलेली, जणू मुंग्या ओळीनं कुणाच्या बारशाला निघाल्यात. भोवती सोन्याची वेलबुट्टी, वेलीत लालचुटूक स्ट्रॉबेऱ्या, एक आळशी गोगलगाय, फांदीवर कुठला तरी निळा पक्षी. आणि मधोमध हिरव्या झग्यातली बाई, हातात गुलाबांनी आणि सफरचंदांनी भरलेली दुरडी. संत डोरोथेआ तिचं नाव. सगळं शाबूत होतं, फक्त चेहरा नव्हता. केस होते, केसांमागे सोन्याचं वलय होतं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट, पुसट गोल.

पान मंजुषाच्या नवऱ्याच्या, राजनच्या बॉसचं. लोथारसाहेब दोन महिन्यांच्या सुटीवर जर्मनीला निघाले होते, त्यांच्या व्हिलातला एसी बदलायला काढला होता, आणि असलं पान उकाड्यात ठेवलं तर आकसून वेडंवाकडं होतं. मीटिंग संपता संपता त्यांनी सहज विचारलं, कुणाच्या घरी एखादा थंड कोपरा आहे का. राजनचा हात वर गेला. अशा चपळाईनं तो फक्त ऑफिसातच वर जायचा. घरात ‘कचरा कोण टाकणार’ असं विचारलं की तोच हात खिशात गुडूप. पण साहेब वर्षअखेर निवृत्त होणार होते, आणि प्रोजेक्ट्सचा नवा हेड कोण, ते नाव जाता जाता तेच सुचवणार होते. पान बरोबर जर्मनीला का नेत नाहीत, हे राजननं विचारलं नाही. बॉसला ‘का’ विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

पान द्यायला साहेब स्वतः आले, चहा प्यायले आणि पोथीची हकिगत सांगून गेले. त्यांची पणजी वारली तेव्हा मुलांनी शेतं वाटली, गाई वाटल्या, शेवटी पोथीचे टाके उसवून पानंसुद्धा वाटून घेतली. बाकीची पानं युद्धात, पळापळीत, चुलीत कुठे कुठे गेली. हे एक राहिलं.

ऐकून मंजुषाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मिरजेला तिच्या काकांनी झोपाळ्याच्या पितळी कड्या अशाच वाटून घेतल्या होत्या. झोपाळा पुढे कुणाच्याच घरी टांगला गेला नाही.

साहेबांची पाठ वळली आणि राजननं घराचं ऑफिस केलं. आधी पानाचे फोटो. पुढून, मागून, तिरपे, भिंगाखालून, फूटपट्टी शेजारी ठेवून. ते सगळे साहेबांना मेल, ‘पान या स्थितीत मिळाले’ अशा सहीशिक्क्यानिशी. मग हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र आलं. त्याची किंमत मंजुषानं मनातल्या मनात रुपयांत केली आणि मन घट्ट केलं. एसी वीसवर गेला आणि तिथंच बसला. शेवटी शारजातल्या रोल्लाहून एक नियमावली लॅमिनेट होऊन आली आणि स्वयंपाकघराच्या टाइल्सवर असल्या गोंदानं चिकटली, की भिंत निघाली असती, ती निघाली नसती. फोडणी बंद. उदबत्ती बंद. कुकरची शिट्टी बाल्कनीत. पानाजवळ बोलताना तोंड दुसरीकडे.

“शिंकायचं कुठे?” मंजुषानं विचारलं.

“लॉबीत.”

“आणि लॉबीत पोचेपर्यंत?”

“अगं, जरा प्रोफेशनल हो ना.”

दिवसातून तीनदा राजन यंत्रावरचा आकडा साहेबांना पाठवायचा. साहेबांनी एकदाच उत्तर दिलं, नुसता अंगठा. राजननं त्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. दहावीतला अथर्व हे सगळं कानात इअरफोन घालून बघायचा. “बाबा, इट्स लिटरली वन पेज,” म्हणायचा आणि बाहेरून बर्गर मागवायचा. बिनफोडणीच्या राज्यात सुखी असा तो एकटाच.

पण खरं सांगायचं तर पाहुणीशी नातं जुळलं ते मंजुषाचं. दोघं घराबाहेर पडले की ती पेटीची काच पदरानं पुसायची आणि बघत बसायची. कोण गं तू? कुणाच्या घरी निघालीस एवढी फुलं घेऊन? तिच्या आईला दळताकांडताना ओव्या सुचायच्या. मंजुषाला दळणकांडण नव्हतं, पण मिक्सरची घरघर होती, आणि रक्त तेच होतं. एका सकाळी नारळ फिरवता फिरवता तिच्या तोंडून निघून गेलं,

दूर देशीची पाहुणी, तिच्या हातात दुरडी
नाव पुसता सांगेना, लाज मनाची केवढी

पुसलेल्या चेहऱ्याचं कोडंही तिनं आपल्यापुरतं सोडवलं होतं. माहेरच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक होते, त्यांतल्या देवांची नाकं-डोळी अशीच झिजून गुळगुळीत झालेली. “हिच्याही पाया बायका पडल्या असणार,” ती राजनला म्हणाली. “पिढ्यान् पिढ्या. बोटं लावून लावून चेहरा गेलाय. तो पुसलेला नाही रे, पुजलेला आहे.”

राजनला ते वाक्य आवडलं. त्यानं ते इंग्रजीत करून साहेबांना पाठवलं, स्वतःच्या नावानं.

इथवर सगळं ठीक होतं. मग श्रावण आला आणि श्रावणाबरोबर मुग्धाताई.

मुग्धाताई म्हणजे तिथल्या मराठी बायकांच्या ग्रुपच्या न निवडलेल्या अध्यक्षा. मंगळागौर शनिवारी करायची, कारण मंगळवारी सुटी नसते आणि गौरीनं ते समजून घेतलंय, हा ठराव त्यांचाच. यंदा पूजा शुभ्राची, तिच्या लग्नाला दुसरं वर्ष. ती राहायची मोहम्मद बिन झायद सिटीत. तिच्या हॉलमध्ये फुगडी घालायची तर सोफा जिन्यात काढावा लागला असता.

“मंजू, तुझ्याकडे करू,” मुग्धाताई फोनवर म्हणाल्या. “आणि ते जर्मन अँटिक गौरीशेजारी ठेवू. मागच्या वर्षी दुबईवाल्यांनी रोबोटकडून आरती करून घेतली. आपलं काहीतरी हटके नको?”

मंजुषा ‘नको’ म्हणणार होती. पण राजन फोनच्या जवळच उभा होता, आणि मुग्धाताईंचे यजमान त्याच्याच कंपनीत एचआरला होते.

“दोन हात लांब ठेवा. काचेत ठेवा. बाकी शेअर करायला काहीच हरकत नाही,” तो म्हणाला. इतका उदार तो लग्नातही झाला नव्हता.

शनिवारी दुपारी हॉल नऊवाऱ्यांनी भरला. बाया आल्या, एसीनं कुडकुडल्या, राजनच्या जॅकेटांवर तुटून पडल्या. गौर बसली, पत्री वाहिली, आणि दोन हातांवर एका तिवईवर पेटीत पाहुणी उभी राहिली. रील काढायला लागल्यावर कळलं की काचेवर लाइट चमकतो आणि त्यात मुग्धाताईंची हनुवटी दिसते, तीही दुहेरी.

“राजनजी, एक मिनिट काच काढता? फक्त रीलपुरती.”

ज्या माणसानं बायकोला शिंकायला लॉबीत पाठवलं होतं, त्यानं पांढरे हातमोजे घालून काच काढली. समोर फोन धरलेला होता, आणि त्याची उजवी बाजू चांगली येत होती. रील झाली. मग दुसरी रील झाली. काच तशीच सोफ्यामागे राहिली. फुगड्या सुरू झाल्यावर त्याला बायकांतून बाहेर जावं लागलं. बाहेर म्हणजे लॉबीत, कारण खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती आणि सिक्युरिटीवाल्या अन्वरला ‘खलास, पाच मिनिट, हबीबी’ म्हणत थोपवायचं कामही त्याच्याकडेच आलं.

संध्याकाळी हळदीकुंकू. दमलेल्या बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या. मंजुषा करंडा घेऊन निघाली. मुग्धाताईंची मुलगी दिया गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडत पुढे, तिच्यामागे ही. बोटं ओली, मन भरलेलं. शुभ्राला लावलं, तिच्या नणंदेला लावलं, मुग्धाताईंना लावताना त्यांच्या टिकलीला जागा करून लावलं. एकेक कपाळ समोर येत होतं आणि बोट आपोआप चालत होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वगळायचं नसतं. तो तर मोठा अपमान. ओळ संपली तिथं एक बाई उभी होती, हातात दुरडी घेऊन, बिचारी, कुणाशी ओळख नाही, कुणी बस म्हटलेलं नाही. हाताला कुठे डोळे असतात? हाताला सवय असते. मंजुषानं तिला हळद लावली. कुंकू लावलं. पुढच्या बाईसाठी वळली, तर पुढे गौर होती.

मग ती जागच्या जागी थिजली.

बारीकसा ठिपका. खाली पिवळा, वर लाल, पुसट पांढऱ्या गोलाच्या बरोबर वरच्या बाजूला. आणि विलक्षण म्हणजे, इतके दिवस जिथं काहीच नव्हतं तिथं कपाळ झालं होतं. कपाळ झालं म्हणून खाली डोळे असल्याचा भास होत होता. पाहुणी पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होती.

बाया गेल्यावर मंजुषानं राजनला तिवईपाशी नेलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

“हे काय आहे?”

“कुंकू.”

“ते दिसतंय मला. इथे का आहे?”

“ओळीत होती रे ती.”

अथर्वनं इअरफोन काढला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. त्यानं फोनवर झूम करून बघितलं. “टेक्निकली, आई, यू व्हँडलाइज्ड अ मिडीव्हल आर्टिफॅक्ट.”

राजन सोफ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग त्याच्यातला मॅनेजर जागा झाला. इंटरनेटवर कुणी लिहिलं होतं, पावाचा गर चोळा. कुणी लिहिलं होतं, काहीही चोळू नका. त्यानं रोल्लाला ओवेसला फोन लावला. ओवेसचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान, राजनची अर्धी इस्टेट त्याच्याच प्लास्टिकात बंद.

“सर, यल्ला, ले आओ,” ओवेस म्हणाला. “स्कॅन करके दाग हटा देंगे, कंप्यूटर से फेस भी डाल देंगे. एकदम नया. ऊपर से लॅमिनेशन. फिर जिंदगीभर कुंकुम लगाओ, कपडे से पोंछ लो.”

राजननं मंजुषाकडे पाहिलं. त्या नजरेत आशा होती, म्हणून तिला जास्त भीती वाटली. तिनं पेटी उचलून छातीशी धरली.

“कातडं आहे ते. गरम रोलरमधून घातलंस तर भाजलेल्या पापडासारखं बाहेर येईल.”

“मग काय सांगू साहेबांना? आधीपासूनच होतं म्हणून सांगतो.”

“आणि तू पाठवलेले फोटो?”

फोटो पुढून होते, मागून होते, भिंगाखालून होते. इतका भक्कम पुरावा त्यानं आयुष्यात कुणाविरुद्ध गोळा केला नव्हता, आणि केला तो नेमका स्वतःविरुद्ध.

“मी सांगेन त्यांना,” मंजुषा म्हणाली.

“तू काही बोलू नकोस. प्लीज. पंधरा वर्षं वाट बघतोय मी त्या खुर्चीची. ते जेवायला येतील, दिवे मंद ठेवू, पेटी बंद देऊ. पुढचं पुढे, इन्शाल्ला.”

तिनं मान डोलावली. नवऱ्याची खुर्ची तिलाही दिसत होती. पण त्या दिवसापासून तिला पेटीसमोर उभं राहवेना. आपल्या चुकीवर झाकण घालून पाहुणीला घराबाहेर काढायचं, हे काही पाहुणचाराच्या कुठल्या रीतीत बसत नव्हतं. ठिपका पुसायला घेतलेलं फडकं ती तसंच परत ठेवायची. एकदा लावलेलं कुंकू बाईनं बाईचं पुसायचं?

सप्टेंबर लागला आणि लोथारसाहेब आले. उन्हानं लाल झालेले, खांद्याला शाळकरी पोरासारखी पाठपिशवी. राजननं दिवे इतके मंद ठेवले होते की साहेब आधी कपाटाशी हात मिळवायला निघाले. उकडलेलं जेवण त्यांनी कौतुकानं खाल्लं. भारतीय जेवण तिखट असतं ही अफवा असावी, असं म्हणाले. जेवणभर राजन दमटपणाचा आलेख समजावत होता. मग त्यानं हातमोजे चढवले, दोन्ही हातांनी पेटी आणली, नैवेद्यासारखी पुढे धरली.

“सर, दिलं तसंच.”

साहेबांनी पेटी घेतली, झाकण उघडलं, आणि ‘इथे अंधार फार आहे’ असं म्हणत मोबाइलचा टॉर्च लावला.

टॉर्चचा उजेड हिरव्या झग्यावरून वर सरकत पुसट गोलावर थांबला.

“हे,” साहेब इंग्रजीत म्हणाले, “नवीन आहे.”

“सर, ॲक्च्युअली, लाइटमुळे कधी कधी पिगमेंट...” राजननं सुरुवात केली.

“ते कुंकू आहे,” मंजुषा म्हणाली. तिचं इंग्रजी साधं होतं, म्हणून सरळ होतं. “मी लावलं. आमच्या घरी बायकांचा सण होता. आलेल्या प्रत्येक बाईला लावतात. ती ओळीत होती. तिला वगळणं बरं दिसलं नसतं, असं माझ्या हाताला वाटलं. चूक माझी आहे, राजनची नाही. ते निघणार नाही.”

राजननं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांसमोरून एक खुर्ची चाकांवरून घरंगळत लांब गेली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “नक्की निघणार नाही?”

“नाही.”

“बरं झालं माझी हेडविगमावशी आता नाही,” ते म्हणाले. “तिनं काढून दाखवलं असतं. चेहरा तिनंच घालवला. दर ईस्टरला घर साफ करायची, त्यात हिलाही ओल्या फडक्यानं पुसायची. फार स्वच्छ बाई. तुमच्या नवऱ्यानं ते पूजेनं झिजल्याचं सुंदर वाक्य लिहून पाठवलं, तेव्हा मावशीची आठवण येऊन मी रेल्वेत एकटाच हसलो.”

मंजुषाला आधी चटका बसला. मग आईचे हात आठवले. सणाआधी टाक घेऊन बसायची, चिंच आणि रांगोळी लावून खसाखसा घासायची, देवाचं नाक गेलं तरी काळेपणा जायला हवा म्हणून. ती कुठे पाया पडत होती? घासतच होती. मंजुषाला एकदम हसू फुटलं, आणि साहेबही तिच्याबरोबर हसू लागले. राजननं डोळे उघडले. कशाला हसायचं ते त्याला समजलं नव्हतं, पण बॉस हसतोय म्हटल्यावर तोही हसला.

मग साहेबांनी त्या ठिपक्याचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, आणि पहिल्यांदाच पाय लांब करून बसले. जर्मनीत उटे म्हणून त्यांची लांबची चुलतबहीण होती. वाटणीत हे पान आपल्या आजोबांकडे यायला हवं होतं, असं तिचं तीस वर्षांचं म्हणणं. आता तिला एक गिऱ्हाईक मिळालं होतं, पण त्याला जुन्या वस्तूवर नवा ओरखडासुद्धा चालत नव्हता. पान जर्मनीत नेलं असतं तर ती वकील घेऊन विमानतळावरच आली असती.

तेवढ्यात उत्तर आलं. साहेबांनी ते डोळे बारीक करून वाचलं. “उटे म्हणते, हे जुनंच कशावरून नाही? मी खोटं बोलतोय म्हणते.”

“सर,” राजन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पुन्हा प्राण आला, “माझ्याकडे फोटो आहेत. तारखेसकट. भिंगाखालचे.”

ते उटेबाईंना गेले. चहा होईपर्यंत दुसरं उत्तर आलं. गिऱ्हाईक नको म्हणालं होतं. ते कुंकवाचं पान तुलाच लखलाभ, असा काहीसा मजकूर जर्मनमध्ये होता. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा खूश झाले.

“राजन,” ते निघताना म्हणाले, “जो माणूस एका पानासाठी एवढं करतो, त्याला मी प्रोजेक्ट्सवर वाया घालवणार नाही. कंपनीचे तीस वर्षांचे नकाशे आणि करार शहराबाहेर मुसाफातल्या गोदामात सडतायत. त्यांना तुमच्यासारखा हेड हवा. उद्याच लिहितो.”

राजन ‘थँक यू’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार? शब्द हेडच होता.

साहेबांनी पान उघड्या हातांनी उचललं, दोन पुठ्ठ्यांत घातलं आणि पाठपिशवीत लॅपटॉपशेजारी सरकवू लागले. राजनच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मंजुषा म्हणाली, “थांबा.” आत गेली, खणाचं कापड आणलं, पुठ्ठे त्यात नीट गुंडाळले, वर मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक नारळ.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“सासरी निघालेली बाई रिकाम्या ओटीनं जात नाही.”

“वर्षअखेर हिला घेऊन जाईन, तेव्हा विमानात नारळ चालणार नाही.”

“मग त्याआधी फोडून खा. पण घरातून नेताना असू द्या.”

नारळ पिशवीत बसेना. शेवटी साहेबांनी तो हातात धरला आणि तसेच लिफ्टमध्ये शिरले. दार मिटता मिटता मंजुषाच्या ओठांवर आलं ते तिनं आवाज न करता म्हणून घेतलं,

दूर देशीची पाहुणी, चालली आपुल्या घरी
कुंकू लावलं माहेरी, नका पुसू गं सासरी

घरात आल्यावर तिनं स्वेटर काढला, एसी चोवीसवर आणला आणि कढई ठेवली. तेल तापलं, मोहरी पडली, तडतडली, मागोमाग हिंग. सोफ्यावर बसलेल्या राजननं सवयीनं यंत्राकडे पाहिलं, मग मान फिरवली आणि नाक वर करून खोल श्वास घेतला. भिंतीवरची नियमावली अजून तिथंच होती. तिनं नखानं एक कोपरा खरवडून पाहिला, तो निघाला नाही. वाफेनं ‘फोडणी बंद’वर थेंब जमले. तिनं ते फडक्यानं पुसले, आणि अक्षरं आणखी लख्ख झाली.